द्राक्षबागेतलं हवामान यंत्र: दोन हंगाम वापरल्यावर

नाशिकच्या दिंडोरी-निफाडकडे हल्ली रस्त्याने जाताना कुठल्या ना कुठल्या बागेत हवामान यंत्राचा खांब दिसतोच. वर सोलर प्लेट, शेजारी पर्जन्यमापक, मंडपात घुसवलेलं, पानावरची ओल मोजणारं प्लास्टिकचं खोटं पान आणि जमिनीत गाडलेले ओलाव्याचे सेन्सर. आमच्या थॉमसन जातीच्या द्राक्षाच्या प्लॉटमध्ये त्याला दोन हंगाम झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही. आजूबाजूला पाच-सहा कंपन्यांची यंत्रं आहेत आणि रडगाणं सगळ्यांचं थोड्याफार फरकाने सारखंच आहे. यंत्र पन्नास हजारांच्या आतबाहेर, वर ॲपची वर्गणी दरवर्षी वेगळी.

सगळ्यात कामाचं ते खोटं पान. डावणी या बुरशीच्या रोगाला पानावर ओल लागते आणि ती किती तास टिकली यावर सगळा खेळ असतो. ऑक्टोबर छाटणी झाली की पोंग्यापासून, म्हणजे डोळे फुटू लागल्यापासून, फुलोरा संपेपर्यंत आपली झोप उडते ती त्यासाठीच. आभाळ आलं की शेजारच्याचा ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, सुरू होतो आणि त्याचा आवाज ऐकून आपला. आमच्याकडच्या निम्म्या फवारण्या अशा कानावर चालतात. आता सकाळी मोबाईलवर दिसतं की पहाटे पान तासभर ओलं होतं, मग वारा सुटला आणि सुकलं. टाकी भरायची गरज नाही. उलटंही होतं. पावसाचा टिपूस नसताना एकदा रात्रभर आर्द्रता 95 टक्क्यांच्या वर राहिली. पानाखाली डावणीचा पांढरा थर येतो तो अशाच दमट रात्रीनंतर. तेव्हा ॲपने इशारा दिला, आसपासचे ब्लोअर मात्र गप्प होते. भुरी या दुसऱ्या बुरशीच्या रोगाबाबत मी यंत्रावर विसंबत नाही. तिला ओलं पान लागतच नाही, ढगाळ हवेत ती गुपचूप वाढते. घड उलटून बघायलाच हवा.

औषधाचा खर्च कमी झाला, हे कृषी सेवा केंद्राच्या उधारीवर दिसतं. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते रेसिड्यूचं, म्हणजे मालात उरणाऱ्या औषधाच्या अंशाचं. माल युरोपला जायचा असेल तर टळलेली प्रत्येक फवारणी म्हणजे लॅबच्या रिपोर्टची तेवढी धाकधूक कमी.

जमिनीतल्या सेन्सरला मात्र आमच्या काळ्या रानात मी पास करणार नाही. भेगा पडल्या की त्याचा मातीशी संपर्क सुटतो आणि ॲप 'पाणी द्या, पाणी द्या' करत बसतं. टिकाव मारून बघितलं तर मुळाशी चांगली ओल! कंपनीचा पोरगा म्हणाला, "काका, मातीचा गारा करून त्यात परत बसवा." बसवला, चालला, पुढच्या भेगांपर्यंत. साडूच्या मुरमाड जमिनीत तोच सेन्सर बिनतक्रार चालतो.

माहितीपत्रकात नसलेली थोडी निगाही सांगतो. फवारा त्या खोट्या पानावरही बसतो. औषधाचा थर साचला की ते आकडे भलतेच दाखवतं, म्हणून ओल्या फडक्याने पुसत जा. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला तर धो धो पाऊस पडूनही ॲपवर शून्य. सोलर प्लेटवर फुटवे चढू देऊ नका.

विक्रीला आलेला माणूस 'विम्यालाही उपयोग होईल' म्हणाला, तर तिथेच थांबवा. हवामानावर आधारित फळपीक विम्यात आपल्या खांबाची नोंद धरत नाहीत, नेमून दिलेल्या संदर्भ केंद्राचीच धरतात. राज्याच्या महावेध प्रकल्पाची हवामान केंद्रं महसूल मंडळाला एक आणि अवकाळी पाऊस ओढ्याच्या अलीकडे पडतो, पलीकडे नाही. आपल्या मोबाईलवर पावसाचा पुरावा असतो आणि तो कुणाला दाखवून उपयोग नसतो.

आता सर्व्हिस. पहिल्या वर्षी फोन केला की दुसऱ्या दिवशी माणूस हजर. दुसऱ्या वर्षी ऐन फुलोऱ्यात यंत्रातलं सिम बंद पडलं, तर फोनवरची मुलगी नुसते तक्रार नंबर देत राहिली. आमच्या भागातला पोरगा नोकरी सोडून गेला होता. याचं मूळ बागेत नाही, पैशात आहे. 2021-22 मध्ये ॲग्रीटेकमध्ये, म्हणजे शेती-तंत्रज्ञानाच्या अशा कंपन्यांत, गुंतवणूकदारांनी धो धो पैसा ओतला, 2023 पासून तो आटला. जाहिरातीतला 'मोफत तज्ज्ञ सल्ला' त्यांच्याच पैशावर मोफत होता. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समध्येही 2022 साली युरोपातल्या गुंतवणूकदारांनी 310 कोटी घातले, पण ती शेतकऱ्यांची कंपनी आणि पैसा प्रक्रिया, पॅकहाऊस वाढवायला. ते उद्या उचलून नेता येत नाही. ॲप एका रात्रीत बंद होतं. राज्याच्या 2025 च्या महाॲग्री-एआय धोरणातही 500 कोटींची तरतूद आहे. माझं मत विचाराल तर त्यातून आणखी ॲप काढण्याऐवजी मंडळातली हवामान केंद्रं वाढवावीत आणि तालुक्याला दोन दुरुस्तीवाले बसवावेत.

घ्यायचंच असेल तर एकट्याने घेऊ नका. एकाच शिवारातल्या, एकाच सुमारास छाटणी केलेल्या चार-पाच जणांनी मिळून एक घ्या, खर्चही वाटला जातो. आधी विचारा: वर्गणी थांबवली तर जुने आकडे मिळतील का? आणि सिम कुणाच्या नावावर?

मी वर्गणी भरली आहे, एकाच वर्षाची. तीन वर्षांची सवलतीत देत होते, ती घेतली नाही.