750 रुपयांचं ऑब्जेक्टिव्ह, आठ महिन्यांनी

बारीक गोष्टी मोठ्या करून टिपणाऱ्या कॅननच्या एमपी-ई 65 या मॅक्रो लेन्सची सेकंडहँड किंमत पाहिली आणि गुपचूप अंबाला बनावटीचं 4एक्स ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे चौपट मोठं दाखवणारी छोटी लेन्स, मागवलं. शाळेच्या मायक्रोस्कोपला असतं तेच. अंगावर 4/0.10 आणि 160/0.17 कोरलेलं. जुना क्रॉप (लहान सेन्सरचा) डीएसएलआर कॅमेरा, मध्ये एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे पोकळ नळ्या, झालं.

पहिला फोटो लिंबू फुलपाखराच्या गळून पडलेल्या पंखाचा. मधोमध दुधाळ डाग, काचेवर वाफ धरावी तसा! विक्रेत्याला फोन केला. "साहेब, लेन्स चांगली आहे, तुमच्या नळ्या बघा." मला ती सबब वाटली. भांडलो, पदरचे 180 रुपये कुरिअरला घालून लेन्स परत पाठवली. त्याने दुसरी दिली. डाग तिथेच.

पंधरा दिवसांनी कॅमेऱ्याची बॉडी काढून मागच्या बाजूने नळीत डोकावलो. आतल्या भिंती स्टीलच्या पेल्यासारख्या चमकत होत्या. ऑब्जेक्टिव्हमधून आलेला जादा उजेड भिंतींवर आपटून सेन्सरवर पडत होता. म्हणजे माणूस खरं बोलत होता. बायकोच्या शिवणातली काळी मखमल नळीला आतून चिकटवली आणि डाग गेला. पंखावरचे खवले कौलांसारखे एकावर एक रचलेले दिसले, पिवळे संपून काळे कुठे सुरू होतात ती रेघसुद्धा. त्या रात्री दीडपर्यंत जागा होतो.

मखमलीची बारीक लव मात्र सेन्सरवर जाऊन बसली. सफाईचे 600 रुपये गेले. आता कडांना फेव्हिकॉलचा हात दिलाय. कापताना कात्री नको, ब्लेड घ्या.

नळीच्या लांबीवरून डोकं पिकवू नका. 160 ही मायक्रोस्कोपच्या नळीची लांबी. प्रतिमा तिच्या टोकाच्या 10 मिमी आत बनते, म्हणून ऑब्जेक्टिव्हच्या खांद्यापासून सेन्सर 150 मिमीवर हवा. निकॉनच्या बॉडीत लेन्स बसते तिथपासून सेन्सरपर्यंतचे 46.5 वजा करा, राहतात 103.5. मी 110 ठेवलंय, फरक मला तरी दिसत नाही.

खरा छळ फोकसचा. 4एक्सवर एका फोटोत जेमतेम 55 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) खोलीचा थर धारदार येतो. माशीच्या डोक्याला 40-40 मायक्रॉन सरकत सत्तर फोटो काढावे लागतात, तेही पंखा बंद करून. खालच्या काकूंचा मिक्सर सुरू झाला की अख्खा स्टॅक, म्हणजे जोडून एक करायचा तो फोटोंचा गठ्ठा, वाया. कॅमेरा पुढेमागे सरकवायची रेल विकत घेतली नाही. भंगारातल्या मायक्रोस्कोपचा फाइन फोकस वापरतो, एका रेघेला 2 मायक्रॉन. हे या सगळ्या उद्योगातलं माझं एकमेव शहाणपण.

हावरटपणाने 10एक्सही घेतलं. चौकटीत जेमतेम सव्वादोन मिलिमीटर मावतात, धारदार थराची खोली 9 मायक्रॉन, आणि ऑब्जेक्टिव्ह किड्याच्या इतकं जवळ येतं की उजेड घालायला फट राहत नाही. डबीत पडून आहे.

तेही त्याच विक्रेत्याकडून घेतलं होतं. मागचे 180 वळते करून घ्या म्हटलं, तर नुसता हसला.