वाडा आणि शेत शूटिंगला द्यायचंय: सिनेमाला की मालिकेला?

गेल्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. वाईपासून सात-आठ किलोमीटरवर त्याचं गाव. जुना चौसोपी वाडा, मागं दोन एकर ऊस, एक एकर हळद. एकाच आठवड्यात दोन पार्ट्या रेकी करून, म्हणजे शूटिंगसाठी जागा पाहून गेल्या. एकांना सिनेमासाठी जानेवारीत अठरा दिवस हवेत, दुसऱ्यांना रोजच्या मालिकेसाठी कमीत कमी वर्षभर. "दादा, तू तुमचा वाडा दोघांनाही दिलायस, सांग काय करू," म्हणाला. अर्धा तास बोललो, तरी बरंच राहून गेलं. असाच प्रश्न आमच्या भागात आणखी बऱ्याच घरांत पडलेला असतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

वाईला शूटिंग नवीन नाही. मेणवलीचा घाट 'स्वदेस'मध्ये (२००४) सगळ्या देशानं पाहिला. 'गंगाजल'चं (२००३) बिहार आणि 'दबंग'चं (२०१०) उत्तर प्रदेश आमच्याच रस्त्यांवर उभं राहिलं. नदी, दगडी घाट, देवळं, वाडे आणि उसाचे फड पाच-सहा किलोमीटरांत सापडतात, पुणं नव्वदेक किलोमीटरवर आहे आणि युनिटला उतरायला पाचगणीची हॉटेलं आहेत. मालिका गावाकडे वळल्या त्या नंतर. कोल्हापूरजवळच्या वसगडे गावातला वाडा घराघरांत पोचला तो 'तुझ्यात जीव रंगला'मुळे. ही मालिका ऑक्टोबर २०१६ ते जानेवारी २०२१ अशी चार वर्षांहून जास्त चालली. सिनेमा आणि मालिका यांतला पहिला फरक इथंच कळतो.

किती दिवस

सिनेमावाले अठरा दिवस म्हणतात तेव्हा तुम्ही पंचवीस धरा. आर्ट डिपार्टमेंट चार-पाच दिवस आधी येतं. रंग, जुनी दारं, खोट्या भिंती, कोनाड्यांत दिवे, सगळं त्यांना उभं करायचं असतं. शूटिंग संपल्यावर ते काढायला आणखी दोन-तीन दिवस जातात. या दिवसांना 'प्रेप' आणि 'डिसमेंटल' म्हणतात. त्यांचं भाडं शूटिंगच्या दिवसापेक्षा कमी ठरतं, पण ठरवून घ्यावं लागतं. आम्ही पहिल्या वेळी विचारलंच नाही आणि सहा दिवस फुकट गेले.

मालिकेला शेवटची तारीख नसते. कराराला असते, पण टीआरपी चांगला आला की मुदत वाढते आणि पडला की महिन्याभरात गाशा गुंडाळतात. आमच्याकडे वर्षाची बोली होती, चौदा महिने चाललं. शेजारच्या गावात वर्षाच्या बोलीवर आलेली मालिका पाच महिन्यांत बंद पडली, आणि त्या घरानं त्या भाड्याच्या भरवशावर ट्रॅक्टरचं कर्ज काढलेलं होतं. मालिकेचं भाडं महिन्याचं आणि नियमित असतं, त्यामुळे त्याला पगाराचं रूप येतं. ते रूप पाहून कर्ज काढू नका. २०२० च्या मार्चमध्ये सगळी शूटिंग थांबली ती जूनअखेरीस कुठं पुन्हा सुरू होऊ लागली. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्यात पुन्हा बंदी आली तेव्हा मराठी मालिका गोव्याला, सिल्वासाला गेल्या. बंद काळात जागा अडकून राहिली तर भाडं किती, हे कलम तेव्हा फार थोड्यांच्या करारात होतं.

रोजचा दर पाहिला तर सिनेमा बराच वर. आमच्या अनुभवात सिनेमाचे तीन दिवस म्हणजे मालिकेचा पंधरवडा. जाहिरातवाले त्याहूनही जास्त देतात आणि दोन दिवसांत जातात. वेब सिरीज या सगळ्या हिशोबात सिनेमासारखीच धरा.

घरात माणसं राहतात का

माझ्या मते निम्मा निर्णय या एका प्रश्नावर होतो.

सिनेमा येतो तेव्हा घर मोकळं करून देता येतं. आम्ही सगळे तीन आठवडे चुलत्यांकडे राहिलो. युनिट मोठं, दीड-दोनशे माणूस, जनरेटर व्हॅन, कलाकारांच्या व्हॅनिटी व्हॅन, केटरिंगचे तंबू. गोंधळ प्रचंड, पण तो संपणार हे माहीत असतं.

मालिकेच्या वेळी आम्ही मागच्या दोन खोल्यांत सरकलो, कारण चौदा महिने कोण कोणाकडे राहणार? पुढचा सोपा, चौक आणि माजघर त्यांचं. मालिकेतलं स्वयंपाकघर आमच्या माजघरात, आणि आमचा खरा स्वयंपाक परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. आई कुकर गॅसवर ठेवायची आणि दारात उभी राहून कानोसा घ्यायची. आतून 'कट' ऐकू आलं की गॅस मोठा, 'रोलिंग' ऐकलं की बंद. शिट्टी टेकमध्ये गेली तर सगळा सीन पुन्हा. दोन शिट्ट्यांच्या डाळीला कधीकधी पाऊण तास लागायचा. तिनं एकदाही तक्रार केली नाही, पण शूटिंग संपल्यावर माजघरात पहिल्या दिवशी चूल सारवताना ती रडली. पैशाचा हिशोब मांडताना तो दिवस मी कधी धरला नव्हता.

दुसरी गोष्ट कंटिन्युइटीची, म्हणजे आधी दिसलं ते तसंच दिसत राहण्याची. चौकातली तुळस वाळली तर ती बदलायची नाही, कारण कालच्या भागात तीच दिसलीय. आम्हाला तर भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा हलवता येत नव्हतं. मालिकेनं वृंदावनाला दिलेला निळा रंग अजून आहे. भावकीत मयत झाली त्या दिवशी आम्ही शूटिंग थांबवायला सांगितलं. त्यांनी थांबवलं, पण त्या दिवसाचं भाडं कापलं. करारात तशी तरतूद आम्ही घातलेली नव्हती.

उलट, ज्यांचा वाडा बंदच असतो, भाऊ पुण्या-मुंबईला आणि गावात फक्त कुलूप, त्यांच्यासाठी मालिका फार चांगली. वर्षभर दिवाबत्ती राहते, कौलं शाकारली जातात, वाळवी लागलेलं लाकूड बदललं जातं. बंद वाडा पावसाळ्यागणिक खचतो, वापरातला टिकतो.

पिकाचं वेळापत्रक

याबद्दल फार कमी बोललं जातं आणि शेतकऱ्याचं खरं नुकसान इथंच होतं.

सिनेमावाल्यांना पाऊस संपल्यापासून मार्चपर्यंतचे दिवस हवे असतात. ऊन कोवळं, शेतं भरलेली. आमच्याकडे हेच दिवस काढणीचे. ऊसतोड सुरू, शाळू हुरड्याला आलेला, फेब्रुवारीपासून हळद काढायची, शिजवायची आणि अंगणात वाळत घालायची. अंगण तेव्हा दहा-पंधरा दिवस हळदीचंच असतं.

आमच्या सिनेमाला मागचा उसाचा फड उभा हवा होता. पाठलागाचा सीन होता, अर्धा झाला आणि नायकाच्या तारखा पुढं गेल्या. "कंटिन्युइटीसाठी ऊस तोडू नका," म्हणाले. त्याच आठवड्यात कारखान्याची ऊसतोडीची टोळी आली. आम्ही नाही म्हटलं, टोळी पुढच्या गावाला गेली आणि परत आली पाच आठवड्यांनी. तोवर उसाला तुरा आला होता, ऊन वाढलं होतं आणि वजन घटलं ते घटलंच. भाडं मिळालं होतं ते जागेचं. उभ्या पिकाची भरपाई कागदावर कुठंच नव्हती. वर ट्रॉलीच्या रुळांसाठी चार सऱ्या सपाट केलेल्या, आणि सेटचे खिळे मातीत राहिलेले. खोडवा (तोडलेल्या उसाचं पुन्हा फुटणारं पीक) राखताना ट्रॅक्टरच्या टायरला त्यातला एक लागला.

मालिका शेताला कमी त्रास देते. तिला शेत लागतं ते महिन्यातून दोन-तीन वेळा, बांधावरच्या सीनपुरतं. पण तिचा त्रास वेगळ्या बाजूनं येतो, तो विजेच्या. आमच्याकडे तेव्हा शेतीपंपाला थ्री फेज वीज ठरावीक तासच असायची, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसाची पाळी असली की आपल्याला मोटर चालवायची असते आणि साउंडवाल्याला नको असते. वाडा आणि विहीर जवळजवळ असतील तर हा तंटा रोजचा. आमची विहीर वाड्यापासून हाकेच्या अंतरावर. उन्हाळ्यात मी दिवसाची वीज असतानाही रात्रीच्या पाळीची वाट पाहिली आहे, आणि आल्याचं एक पीक त्यातच सुकलं.

गावाला काय मिळतं

इथं मालिका सरस आहे आणि ते कबूल केलं पाहिजे. सिनेमात गावातली शंभर माणसं गर्दीत उभी राहतात, दोन-चार दिवसांची हजेरी मिळते. मालिकेचं युनिट पन्नास-साठ माणसांचं, पण रोज. आमच्या वहिनीनं चौदा महिने नाष्ट्याचं कंत्राट घेतलं. गावातला सुतार, दोन गाडीवाले, खोल्या भाड्यानं देणारी घरं, सगळ्यांना काम होतं. गावातल्या एका पोरानं लाइटमनच्या हाताखाली सुरुवात केली, आज तो पुण्यात हेच काम करतो.

रविवारी मालिकेचा वाडा पाहायला माणसं येतात, हेही लक्षात घ्या. आत येऊन फोटो काढतात, "ती खरंच इथं राहते का" विचारतात. म्हाताऱ्या माणसांना कोणीतरी येत-जात असल्यानं बरं वाटतं, तान्हं मूल असलेल्या घराला नाही.

कागद

दोघांकडूनही लेखी करार घ्या, आणि तो नोंदणी करूनच. बरेच जण 'कूळ लागेल' म्हणून घाबरतात. कूळ लागतं ते दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला. शूटिंगवाले जमीन कसत नाहीत. तरी करारात 'वापराचा तात्पुरता परवाना' हे शब्द असू द्या आणि शेताच्या सातबाऱ्यावर आणि वाड्याच्या उताऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांच्या सह्या घ्या. बहिणींच्याही.

घाट, रस्ता, देऊळ अशा सार्वजनिक जागांची परवानगी काढणं त्यांचं काम. त्यासाठी सरकारची एक खिडकी योजना आहे. तुमच्या करारात ती जबाबदारी तुमच्यावर ढकललेली नाही ना, एवढं पाहा.

शूटिंगचं भाडं शेतीचं उत्पन्न धरलं जात नाही, त्यावर कर लागतो. मोठी रक्कम असेल तर ते दहा टक्के टीडीएस, म्हणजे कर आधीच कापतात आणि पॅन दिला नाही तर वीस. भाडं चार भावांत वाटायचं असेल तर ज्याच्या त्याच्या खात्यावर, ज्याच्या त्याच्या पॅनवर घ्या. आमच्याकडे सगळं थोरल्या काकांच्या नावावर जमा झालं आणि कराची नोटीसही त्यांनाच आली.

आणि हे सगळं सुरू व्हायच्या आधी मोबाईलवर घराचा कोपरा न् कोपरा व्हिडिओत घ्या, त्यांच्या माणसाला शेजारी उभं करून. कौलं, फरशी, दारांच्या कड्या, बांध, पाइपलाइन. अनामत परत करायच्या दिवशी तोच व्हिडिओ लावून फिरायचं.

मावसभावाला मी सिनेमाकडे वळवलं. त्याच्या घरात मावशी आहे, दीड वर्षाची नात आहे आणि विहीर वाड्याला लागून आहे. वाडा रिकामा असता तर उलटं सांगितलं असतं. फक्त तीन गोष्टी लिहून घ्यायला लावल्या: टोळी आली की ऊस तुटणार, सीन अर्धा असला तरी. तोड थांबवायची असेल तर दोन एकरांची टनावर भरपाई आगाऊ. आणि १० फेब्रुवारीला अंगण मोकळं, कारण त्यानंतर हळद शिजवायची काहील मांडायची आहे. पहिल्या दोन त्यांनी लगेच मान्य केल्या. तारखेवरून अजून बोलणी चालू आहेत, ते २० म्हणतायत.