अॅलर्जीच्या घरात कुत्रं आणायचंय? शित्झू, पूडल की आपली कारवान

आमच्या धाकट्याला कुत्रं हवं होतं. पण कुत्र्याच्या अंगावरून फिरवलेला हात चुकून डोळ्याला लागला की अर्ध्या तासात त्याचा डोळा लाल होऊन सुजायचा. दोन वर्षं आम्ही हा विषय टाळला. मग एका पेट शॉपमध्ये सहज चौकशी केली, तर दुकानदार म्हणाला, "शित्झू घ्या वहिनी. ह्याचे केस गळत न्हाईत, म्हंजे अॅलर्जीचा प्रश्नच मिटला की!" मी त्या दिवशी अॅडव्हान्स देऊन आले असते. थांबले ते एवढ्याचसाठी, की कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्या मावसबहिणीकडे शित्झू होताच. म्हटलं, आधी पोराला तिथं बसवून बघू.

वीस मिनिटांत शिंका सुरू झाल्या. शित्झूनं हाताला चाटलं होतं, तिथं गांधी उठल्या. त्यानंतरचे आठ महिने आम्ही बघितलं, विचारलं, वाचलं. ज्यांच्या घरात असाच पेच आहे त्यांच्यासाठी ते इथं लिहिते आहे.

दोष केसांचा नाही

सगळा घोळ इथूनच सुरू होतो. माणसाला त्रास होतो तो कुत्र्याच्या शरीरात तयार होणाऱ्या प्रथिनांचा. ती लाळेत असतात, कातडीच्या कोंड्यात असतात, मुतात असतात. केस हे फक्त त्यांचं वाहन. यातलं मुख्य प्रथिन 'कॅन एफ १' या नावानं ओळखलं जातं आणि ते प्रत्येक कुत्र्यात असतं, मग तो लांब केसांचा असो, आखूड केसांचा असो की पार बिनकेसाचा.

डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या संशोधकांनी एकच कुत्रा असलेल्या १७३ घरांतली धूळ तपासली होती. २०११ साली निष्कर्ष छापून आला: 'अॅलर्जी न करणाऱ्या' म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या घरांत आणि बाकीच्या घरांत या प्रथिनाच्या प्रमाणात फरक नव्हता. पुढच्याच वर्षी नेदरलँड्सच्या अभ्यासात तर उलटं निघालं. पूडल, लॅब्राडूडल (लॅब्रॅडॉर आणि पूडलचा संकर) अशा जातींच्या केसांत हे प्रथिन लॅब्रॅडॉरसारख्या नेहमीच्या कुत्र्यांपेक्षा जास्त सापडलं. घरातल्या हवेत मात्र दोन्हीकडे सारखंच होतं. एकाच जातीच्या दोन कुत्र्यांमध्येही याचं प्रमाण कितीतरी वेगळं असू शकतं, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. मावसबहिणीच्या शित्झूनं शिंका आणल्या म्हणून शेजाऱ्यांचा शित्झूही आणेलच असं नाही. आणि एका पूडलजवळ बरं वाटलं म्हणून दुसरा पूडल चालेलच, असंही नाही.

तरीही जातीला काहीच अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. कुत्र्याची निगा किती राखावी लागते, ते घरात कुठं बसतं, आपल्या पावसात त्याचं काय होतं, हे जातीवरच ठरतं. आणि अॅलर्जीच्या घरात निगा म्हणजेच अर्धं औषध.

शित्झू

मूळ तिबेटकडचा, वजन साधारण चार ते साडेसात किलो, स्वभावानं लाघवी. फ्लॅटमध्ये मावतो, फारसं पळवावं लागत नाही, म्हणून कोल्हापुरात गेल्या काही वर्षांत घरोघरी दिसतो. मलाही तो आवडतो. पण अॅलर्जीच्या माणसासाठी त्याला मी सगळ्यात शेवटी ठेवेन. हा मांडीवरचा कुत्रा आहे. दिवसभर माणसाच्या अंगाला अंग लावून बसणार, उशीवर झोपणार, तोंड चाटणार. ज्या लाळेपासून लांब राहायचं तीच चोवीस तास गालाशी.

केस गळत नाहीत हेही अर्धंच खरं. ते गळतात, पण जमिनीवर न पडता अंगावरच्या लांब केसांत अडकून राहतात. मावसबहीण गच्चीवर सकाळच्या उन्हात त्याला विंचरत होती तेव्हा मी जवळ बसले होते. फणीचा एकेक हात फिरला की तिरप्या उन्हात पिठासारखा बारीक कोंडा उडताना स्पष्ट दिसायचा. फरशी स्वच्छ दिसते म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि हे सगळं कुत्र्याच्या अंगावर साठत राहतं. रोज विंचरणं आलं, तेही घराबाहेर आणि अॅलर्जी नसलेल्या माणसानं.

शिवाय चपटं नाक. मार्च ते मे या उन्हात त्याला धाप लागते, म्हणून तो पंख्याखाली किंवा एसीत, बंद खोलीत. पावसाळ्यात चार महिने परत बंद घर. अशा हवेत प्रथिन साठणार नाही तर काय होईल?

पूडल

लांब केसांच्या कुत्र्यांतलाच घ्यायचा ठरला तर मी पूडलकडे वळेन. खांद्यापर्यंतच्या उंचीवर त्याचे प्रकार पडतात: दहा इंचांपर्यंत टॉय, दहा ते पंधरा मिनिएचर, त्याच्यावर स्टँडर्ड. मूळचं पाण्यातून शिकार आणणारं कुत्रं, त्यामुळे अंघोळीला कुरकुर करत नाही आणि डोक्यानं फार तल्लख. "बेडरूममध्ये यायचं नाही" हे शिकवलं की शिकतं. अॅलर्जीच्या घरात हा गुण केसांपेक्षा जास्त कामाचा. शित्झूही शिकतो, पण त्याला हट्ट फार.

अडचण ग्रूमिंगची. पूडलचे केस माणसासारखे वाढत राहतात. चार ते सहा आठवड्यांनी कातरले नाहीत तर त्यांच्या गाठी होतात, गाठींखाली ओल राहते, कातडी खाजते आणि कोंडा वाढतो. जुलैत रंकाळ्यावर चक्कर मारून आलेल्या पूडलला कोरडं करायला नुसता टॉवेल पुरत नाही, ड्रायर लागतो. हे नियमानं करणारं माणूस घरात असेल तर मिनिएचर पूडल हा फ्लॅटसाठी चांगला पर्याय आहे. नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

लॅब्राडूडलबद्दल थोडं, कारण 'डूडल आहे, अॅलर्जीफ्री आहे' असं सांगून मोठी किंमत मागितली जाते. १९८०च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी हा संकर केला तो हवाईतल्या एका अंध बाईंसाठी. त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याची अॅलर्जी होती. त्या वेतात तीन पिल्लं झाली आणि त्यातलं एकच त्या नवऱ्याला सोसलं. एकाच आईची तीन पिल्लं, त्यातलं एक! लोकांनी पुढे यातून धंदा उभा केला त्याचं कॉनरन यांना फार वाईट वाटलं. मला तर या गोष्टीत सगळं उत्तर मिळालं.

माल्टीज, यॉर्कशायर टेरियर, ल्हासा अॅप्सो यांना शित्झूचंच गणित लागू होतं. मिनिएचर श्नॉझर थोडा बरा, पण आपल्याकडे सहज मिळत नाही. पॉमेरियन आणि हस्की अॅलर्जीच्या घरात आणूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. अंगावर केसांचे दोन थर, भरपूर गळती, आणि हस्कीला इथल्या उन्हात ठेवणं म्हणजे त्या जिवाचे हाल.

कारवान, मुधोळ आणि गावठी

अॅलर्जीसाठीच्या याद्यांत ही देशी कुत्र्यांची नावं कुठंच सापडत नाहीत, आणि आम्ही अडखळलो ते नेमके इथंच. कागल तालुक्यात माझ्या मामांच्या वस्तीवर कारवान कुत्री आहे, राणी. पोरगं तिच्याबरोबर अख्खा दिवस उसाच्या बांधावर होतं, एक शिंक नाही. मला वाटलं, सापडलं! पण घरी आल्यावर शांतपणे विचार केला तेव्हा चूक कळली. राणी परड्यात राहते, उघड्या वाऱ्यात. राजारामपुरीतला शित्झू बंद हॉलमध्ये होता. ही तुलनाच बरोबरीची नव्हती.

म्हणून पुढच्या खेपेला मामांना म्हटलं, राणीला सोप्यात घेऊन दार लावून बसू. मामा म्हणाले, "घे की आत. ती काय बोलतीया?" तासाभरानं पोराचं नाक चोंदलं. पण डोळे सुजले नाहीत, आणि तिनं चाटलेल्या हाताला थोडी लाली आली, गांधी नाहीत. म्हणजे त्रास होता, पण सोसण्याइतका. हे राणीचं झालं. तिच्या जागी दुसरी कारवान असती तर काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही.

कारवानला अॅलर्जी होत नाही असं मी अजिबात म्हणत नाही. माझा मुद्दा धुण्याचा आहे. कुत्र्याला आठवड्यातून दोनदा धुतलं तर अंगावरचं प्रथिन बरंच कमी होतं, पण दोन-चार दिवसांत ते परत चढतं, म्हणून एकदा धुऊन भागत नाही. आता कोल्हापूरचा जुलै डोळ्यांसमोर आणा. कपडे चार दिवस वाळत नाहीत. शित्झूला अशा हवेत आठवड्यातून दोनदा धुवायचं तर त्याच्या कानांत आणि पायांच्या बोटांत ओल राहून बुरशी धरणार. राणीला मामी बादलीभर कोमट पाण्यानं धुते, जुन्या सुती लुगड्यानं पुसते, आणि दहा मिनिटांत ती कोरडी होऊन चुलीजवळ बसलेली असते. अंगावर आखूड, चापून बसलेले केस. गोचीड बोटाला लागते, कोंडा झालेला दिसतो. शाम्पू मात्र कुत्र्यांचा आणि सौम्यच हवा, नाहीतर कातडी कोरडी पडून कोंडा उलट वाढतो.

मुधोळ आणि कारवान ही एकाच घराण्यातली शिकारी कुत्री. मुधोळ गाव इथून लांब नाही, बागलकोट जिल्ह्यात. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही पैदास जोपासली. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ आहे. अभिमान वाटावा असं कुत्रं, पण ते पळण्यासाठी जन्मलेलं आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, सकाळी पंधरा मिनिटांच्या फिरण्यावर ते ठेवणं मला पटत नाही. शेजारची मांजर आणि कोंबड्याही त्याच्यापुढे सुरक्षित नाहीत. अंगण असेल, शेत असेल, पहाटे उठून त्याला मोकळं पळवणारं कुणी असेल तरच घ्या.

आणि नसेल तर गावठी. तीच आखूड केसांची सोय, इथल्या हवेत रुळलेलं अंग, आणि फ्लॅटशीही जुळवून घेणारा स्वभाव. लसीकरण आणि जंतांचं औषध आधी उरकून घ्यायचं, एवढंच.

नर की मादी

हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. कुत्र्याच्या प्रथिनांपैकी एक, 'कॅन एफ ५', नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं आणि मुतावाटे बाहेर येतं. काही लोकांना फक्त याचीच अॅलर्जी असते. अशा माणसाला मादी किंवा खच्चीकरण केलेला नर सोसू शकतो. रक्ताच्या तपासणीत हे वेगळं ओळखता येतं, म्हणून डॉक्टरांकडे नावानिशी विचारा. तपासणी करायची नसेल तरी दोन सारख्या कुत्र्यांत मादी निवडण्यात तोटा काहीच नाही.

आधी हे करून घ्या

पोराची त्वचेवरची अॅलर्जी चाचणी केली. हाताच्या पुढच्या भागावर पेननं रेघा मारून एकेक थेंब ठेवतात, थेंबातून बारीक टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटं थांबतात. त्याआधी काही दिवस अॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर हात काहीच सांगत नाही. आमच्याकडे कुत्र्याच्या थेंबाला फोड आला, पण धुळीतल्या किड्यांच्या थेंबाला आला तो त्याच्या दुप्पट! म्हणजे वर्षभराच्या शिंकांचा मोठा भाग गाद्या, जाड पडदे आणि पावसाळ्यातल्या ओलीचा होता. पडदे काढले, उशा-गाद्यांना घट्ट विणीची कव्हरं घातली, चादरी गरम पाण्यात धुवायला लागलो. दोन महिन्यांत त्याच्या रात्रीच्या शिंका निम्म्यावर आल्या, घरात कुत्रं नसतानाच. हे आधी केलं नसतं तर सगळा दोष येणाऱ्या कुत्र्याच्या माथी गेला असता.

दमा असेल आणि तो आटोक्यात नसेल, तर कुठल्याही जातीचं कुत्रं सध्या आणू नका. पोरानं कितीही हट्ट केला तरी. आधी डॉक्टरांकडून दमा आटोक्यात आणा. इम्युनोथेरपीचा (ज्याची अॅलर्जी तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायची, त्या उपचाराचा) पर्यायही त्यांनाच विचारा, तिला वर्षं लागतात.

बाकीच्यांनी पिल्लाऐवजी वाढलेलं कुत्रं शोधावं. पिल्लू घेताना ते मोठं झाल्यावर आपल्याला सोसेल का, हे कुणालाच सांगता येत नाही. दोन वर्षांच्या कुत्र्याजवळ मात्र बसून बघता येतं. तीन-चार वेगळ्या दिवशी, बंद खोलीत, किमान तासभर बसा. हात फिरवा, चाटू द्या, आणि घरी येऊन रात्रभर नाक, डोळे, छाती यांच्याकडे लक्ष ठेवा. काहींना त्रास लगेच न होता काही तासांनी होतो. विकणारा एवढा वेळ द्यायला तयार नसेल तर उठून या.

आमचं ठरलं आहे ते असं: मामांच्याच गावातली, ऑपरेशन झालेली, अडीच वर्षांची गावठी कुत्री. पोरगं तिच्याजवळ चार वेळा बसलंय, दोनदा सोप्यात दार लावून. तिची जागा स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत, पोराच्या खोलीला कायम कडी, आणि बुधवार-रविवार तिची अंघोळ मी घालणार. महिनाभरात त्याला इनहेलर लागायला लागला तर ती मामांकडे परत जाईल, हे पोराला आत्ताच सांगितलंय आणि मामांनाही. मामा म्हणाले, "तिची जागा हितं हाय. तू बिनघोर ने."