मोदिल्यानी की मोरांदी?

दोघेही इटालियन चित्रकार, वयात जेमतेम सहा वर्षांचं अंतर. लिव्होर्नोचा मोदिल्यानी पॅरिसला गेला आणि १९२० मध्ये, पस्तिशीतच, क्षयाने दगावला. मोरांदीने आपलं बोलोन्या शहर फारसं सोडलंच नाही. बहिणींसोबत राहिला, तिथल्या कला अकादमीत एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापचित्रं काढणं) शिकवलं आणि १९६४ पर्यंत त्याच त्या बाटल्या, बरण्या रंगवल्या. काचेची चमक नको म्हणून बाटल्यांनाच रंग फासायचा. वर धूळ साचली तर साचू दे!

पैशांत मोदिल्यानी कैक पटींनी पुढे: २०१५ मध्ये त्याचं एक नग्नचित्र १७ कोटी डॉलरला गेलं. त्या लांब माना, बदामी डोळे छापील चित्रातही भुरळ घालतात. मोरांदीच्या राखाडी-गुलाबी छटा मात्र छपाईत पार मरतात. तरी माझं मत मोरांदीलाच.