उशिरा सिनेमा बघणाऱ्याने गप्पा कुठे माराव्यात?

आमचा सिनेमाचा व्हॉट्सॲप ग्रुप विधानसभा निवडणुकीत मोडला. सोळा जण होतो, बहुतेक नागपुरातल्या धरमपेठ आणि लक्ष्मीनगरचे. सहा-सात वर्षं तिथे सिनेमा, मालिका आणि वेब सिरीज यांच्याशिवाय विषय नव्हता. मग प्रचाराचे फॉरवर्ड यायला लागले. दोघं बाहेर पडले, त्यांच्या मागोमाग आणखी चार, आणि एका सकाळी ॲडमिननेच ग्रुप सोडला. त्या रात्री मी एक सिनेमा बघून संपवला, सवयीने फोन हातात घेतला, तर लिहायला जागाच नव्हती.

पुढचे पाच-सहा महिने नवीन जागा शोधण्यात गेले. प्रत्येक ठिकाणी किमान तीन आठवडे राहिलो, लिहिलं, लोकांना उत्तरं दिली. आता भाचाही विचारतो, "मामा, सिनेमावर बोलायचं असन तर जायचं कुठी?" त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

बहुतेक जण आधी हे बघतात की तिथे माणसं किती आहेत. नागपूरच्या माणसाने आधी हे बघावं की तिथली चर्चा किती दिवस जिवंत राहते. कारण आपण सिनेमा उशिरा बघतो. मोठा हिंदी सिनेमा सीताबर्डीच्या मॉलमध्ये पहिल्याच दिवशी लागतो, त्याचा प्रश्न नाही. पण छोटा मराठी सिनेमा आला तर एखादाच शो, तोही भर दुपारचा, आणि पुढच्या शुक्रवारी तो उतरलेला. नोकरदार माणसाचा तो हुकतोच. मग ओटीटीवर येईपर्यंत थांबायचं. तोवर पुण्या-मुंबईच्या लोकांचं बोलून झालेलं असतं आणि आपल्याला तेव्हा कुठे बोलावंसं वाटतं. खाली ज्या जागांबद्दल लिहिलंय, त्यांना मी आधी याच कसोटीवर घासून पाहिलं.

मायबोली आणि रेडिट

मायबोली हे मराठी संकेतस्थळ, रेडिट जगभरातल्या लोकांचं. वरवर दोन्ही जागा सारख्या वाटतात: कुणीतरी विषय काढतो (मायबोलीवर त्याला धागा म्हणतात), खाली प्रतिसाद येत जातात. फरक आतल्या मांडणीत आहे. मायबोलीवर जुन्या धाग्यात नवा प्रतिसाद आला की तो धागा पुन्हा वर येतो. तुम्ही दोन वर्षांपूर्वीच्या सिनेमावर आज चार ओळी लिहिल्यात, तरी आज मायबोली उघडणाऱ्याला त्या दिसतात. रेडिटवर मुख्य यादीत पोस्टचं वय जसं वाढतं तशी ती खाली सरकते, आणि नव्या प्रतिसादाने वर येत नाही. सिनेमा लागल्याच्या दिवशी तिथल्या मोठ्या चर्चेत हजारो लोक तुटून पडतात, पण आठवड्याने गेलात तर लिहा खुशाल, वाचायला कोणी नसतं.

म्हणून रेडिट मला लिहिण्यापेक्षा वाचायला फार आवडतं. एखाद्या गुंतागुंतीच्या मालिकेचा भाग बघून झाला आणि शेवट कळला नाही, तर त्या भागावरची वर्षांपूर्वीची चर्चा शोधून वाचावी, बारीक बारीक गोष्टी लोकांनी हेरलेल्या असतात. खरं नाव द्यावं लागत नाही, रहस्य झाकून लिहायची सोय आहे. पण मराठी सिनेमावर तिथे बोलणं तुरळक, आणि तेही बरंचसं इंग्रजीत.

मायबोली 1996 पासून चालू आहे. तिथे ‘चित्रपट कसा वाटला’ हा धागा भागामागून भाग चालत आलेला आहे, आणि मालिकांचे वेगळे धागे आहेत. मालिकांवरचं बोलणं इतकं तपशिलात मला दुसरीकडे कुठेच सापडलं नाही: कालच्या भागात सुनेने कोणती साडी नेसली होती इथपासून पटकथेत कुठे पाणी घातलं इथपर्यंत. अडचण एकच. पात्रांची इतकी टोपणनावं आणि आद्याक्षरं पडलेली असतात की नव्या माणसाला पहिला आठवडा काही कळत नाही. नुसतं वाचत राहावं, दहाव्या दिवशी उलगडतं.

एक अनुभव सांगतो. ‘झुंड’ मार्च 2022 मध्ये आला. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी उभ्या केलेल्या फुटबॉलवरचा, आपल्याच शहरात चित्रित झालेला सिनेमा. त्यातल्या पोरांच्या बोलीवर मला कधीचं लिहायचं होतं. एका मराठी धाग्यावर मी रात्री अकराला लिहिलं, की ही बोली ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं, आपल्या गल्लीतली पोरं पडद्यावर आहेत. सकाळी उठलो तर तीन लांब उत्तरं आलेली. एक उत्तर परदेशात राहणाऱ्या ताईंचं होतं, माहेर नागपूरच्या महाल भागातलं. आपण झोपतो तेव्हा तिकडे दिवस असतो, त्यामुळे मराठी संकेतस्थळांवर रात्रीचं लिहिलेलंही वाया जात नाही. सिनेमा येऊन कितीतरी दिवस उलटले होते. तरी त्या ताईंनी "करून राहिला" आणि "येऊन राहिला" या आपल्याकडच्या बोलीतल्या रूपांवर अख्खा परिच्छेद लिहिला होता.

मिसळपाव हे असंच दुसरं मराठी संकेतस्थळ, 2007 चं. तिथे एकेका सिनेमावर स्वतंत्र लांब लेख लिहिणाऱ्यांना जास्त मजा येईल. दोन्हीकडे देवनागरीत लिहिता येतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मराठी सिनेमाबद्दल मराठीत बोलताना जे शब्द सुचतात ते इंग्रजीत सुचत नाहीत.

व्हॉट्सॲप, टेलिग्राम, डिस्कॉर्ड

तिन्हीकडे बोलणं वाहून जातं. म्हणून उशिरा बघणाऱ्यासाठी तिन्ही मागे पडतात. पण तिघांचे स्वभाव वेगळे.

व्हॉट्सॲपचा जिव्हाळा दुसरीकडे येत नाही, हे मी मनापासून सांगतो. माणसं ओळखीची असतात, आवाजात संदेश पाठवता येतो, इंटरव्हलमध्येच "दुसऱ्या अर्ध्यात जमून येतंय का रे?" असं विचारता येतं. पण रहस्य झाकायची सोय तिथे नाही. आमच्याकडे एक जण आधी ‘स्पॉयलर’ लिहायचा, मग वीस-पंचवीस ठिपके एकाखाली एक, आणि त्याखाली शेवट. ठिपक्यांमुळे त्याचं वाचण्याआधी थांबता यायचं. पण दुसऱ्याने त्याला एका ओळीत उत्तर दिलं, "मला वाटलंच होतं तो भाऊच खुनी," की तेच फोनच्या पडद्यावर झळकायचं. चार सिनेमे असे गेले माझे. शिवाय अनोळखी लोकांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना तुमचा नंबर दिसतो. बायका-मुलींनी हे आधी ध्यानात घ्यावं. आमच्या ग्रुपमधल्या एका ताईंना दुसऱ्या एका मोठ्या ग्रुपमधून नको ते मेसेज आले आणि त्यांनी सिनेमाचं बोलणंच सोडून दिलं. सदस्यांची मर्यादा 1024 आहे, पण माझ्या मते वीसच्या पुढे गेलं की गप्पा संपतात आणि गोंगाट सुरू होतो.

टेलिग्रामवर नंबर लपवता येतो आणि एका ग्रुपमध्ये 2 लाख लोक मावतात. पण तिथे ‘मूव्ही’ म्हणून शोधलं की चर्चेपेक्षा चोरीच्या प्रतीच जास्त निघतात. अशा जागी पाऊल ठेवू नका. सिनेमॅटोग्राफ कायद्यात 2023 मध्ये दुरुस्ती झाली, त्यात पायरसीला किमान 3 महिने ते 3 वर्षं कैद आणि किमान 3 लाख रुपये दंड आहे. आणि जो छोटा मराठी सिनेमा आपल्याकडे एका शोवर चालतो, त्याला हीच चोरी सगळ्यात आधी मारते.

डिस्कॉर्ड तरुण पोरांचं. हे गप्पांचं ॲप 2015 मध्ये गेम खेळणाऱ्यांसाठी निघालं, पण आता सिनेमावाल्यांचे सर्व्हरही, म्हणजे तिथले मोठे गट, भरपूर. एकाच सर्व्हरमध्ये विषयवार खोल्या असतात: एक भयपटांची, एक ॲनिमेची, एक फक्त चालू मालिकेची. रहस्य झाकता येतं, आवाजात बोलता येतं. दर आठवड्याला एक भाग येणारी मालिका बघत असाल, तर भाग संपल्या संपल्या तिथे जी धमाल येते तिला तोड नाही. भाचा तिथेच रमलाय. मला दोन गोष्टी जड गेल्या: रात्री तीनशे संदेश साचलेले बघून दडपण यायचं, आणि तिथलं बोलणं गुगलवर सापडत नाही. मागच्या महिन्यात कुणी काय छान लिहिलं होतं, ते सर्व्हरच्या आतच धुंडाळत बसावं लागतं.

फेसबुक

मराठी माणसं सगळ्यात जास्त इथेच आहेत आणि जुन्या सिनेमांवर बोलायला हे ठिकाण फार चांगलं. साठ-सत्तरच्या दशकातल्या तमाशापटांवर, दूरदर्शनच्या मालिकांवर बोलणारी ज्येष्ठ मंडळी मला इथेच भेटली. एका काकांनी टॉकीजबाहेर ब्लॅकची तिकिटं कशी विकली जायची ते इतकं सुंदर लिहिलं होतं की मी ते उतरवून ठेवलं. नव्या सिनेमावर मात्र चाहत्यांची भांडणं आणि जाहिरातीच्या पोस्टी फार. आत घेताना प्रश्न विचारणारे आणि पोस्ट तपासून लावणारे खासगी ग्रुप निवडा.

लेटरबॉक्स्ड

माझा मुक्काम शेवटी इथे पडला. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला 2011 मध्ये हे सुरू झालं. मुळात ही डायरी आहे: कोणत्या तारखेला काय बघितलं, पाचपैकी किती तारे, अर्धा ताराही देता येतो, आणि हवं तर दोन ओळी किंवा दोन पानं. उशिरा बघणाऱ्याला इथे उशीर होतच नाही. 1960 चा सिनेमा काल रात्री बघितला तरी तो कालच्या तारखेला पडतो आणि तुम्हाला फॉलो करणाऱ्यांना आजच दिसतो.

सुरुवातीला मला निराशा आली होती. लोकप्रिय सिनेमाच्या पानावर वर दिसतात ती एका ओळीची चटपटीत वाक्यं, कारण त्यांनाच लाइक जास्त. ती ओलांडून खाली जा. जो माणूस तुम्हाला आवडलेल्या तीन अनोळखी सिनेमांबद्दल मनापासून लिहितो, त्याला फॉलो करा. असे पंधरा जण मिळाले की तुमची पंगत बसली. मला ते मिळायला दोन महिने लागले.

एखादा मराठी सिनेमा तिथे नसेल तर हात चोळत बसू नका. लेटरबॉक्स्डची माहिती टीएमडीबी नावाच्या खुल्या संग्रहातून येते आणि तिथे कुणालाही खातं काढून भर घालता येते. मी एका जुन्या मराठी सिनेमाचं पान असं तयार केलं, दिग्दर्शक, कलाकार, वर्ष, पोस्टर सगळं भरलं. थोड्याच दिवसांत ते लेटरबॉक्स्डवर दिसायला लागलं आणि महिन्याभरात चौघांनी त्याला तारे दिले.

मालिकांसाठी मात्र हे नाही. मोजक्या भागांच्या काही मालिका सापडतात, पण लांबलचक मालिकांसाठी सीरिअलाइज्ड नावाची वेगळी जागा आहे, जिथे भागाभागाला तारे देता येतात. रोज संध्याकाळी लागणाऱ्या मराठी मालिकेला तीही कामाची नाही. त्यासाठी मायबोलीच.

अजून एक. फेसबुकसारखंच असलेलं ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं, आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या संकेतस्थळावरच्या चर्चा फेब्रुवारी 2017 मध्ये बंद झाल्या, आणि आमचा ग्रुप एका सकाळी गेला. लिहिलेलं सोबत नेता येतं का, हे पहिल्याच दिवशी बघून ठेवा. लेटरबॉक्स्डवर सेटिंगमधून सगळी डायरी फाइल म्हणून उतरवता येते, व्हॉट्सॲपवर चॅट एक्सपोर्ट करता येतं. मायबोलीवरचं मी स्वतः वहीत उतरवतो.

भाच्याला मी सांगितलं: चालू मालिकेसाठी डिस्कॉर्ड ठेव, बाकी लेटरबॉक्स्डवर लिही, आणि मराठी सिनेमा बघशील तेव्हा मायबोलीवर ये. त्याने लेटरबॉक्स्डवर खातं काढलं. तिथे आवडते चार सिनेमे निवडता येतात. तीन त्याला लगेच सुचले, चौथ्यासाठी परवा रात्री आम्ही दीड वाजेपर्यंत फोनवर होतो.