ऑस्ट्रियन अर्थशास्त्राचा इतिहास : सात महिन्यांनंतर (आणि बाइंडिंगबद्दल)

साडेसहाशे रुपयांचा जाडजूड ग्रंथ, चौथ्या महिन्यात मधोमध उकलला. शिवण नाहीच, नुसता डिंक! विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, परतीची मुदत दहा दिवसच. आमचं गुळाचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक नसलं की चार पानं होतात. दहा दिवसांत प्रस्तावनाही संपत नाही. चार तारे दिले होते, रागानं एकावर आणले.

आता तीन करतोय, कारण कार्ल मेंगर, या ऑस्ट्रियन विचाराचा मूळपुरुष. हा व्हिएन्नाचा गडी आधी वर्तमानपत्रात बाजारभावांवर लिहायचा. १८७१ च्या पुस्तकात म्हणतो, किंमत खर्चावरून ठरत नाही, घेणाऱ्याच्या गरजेवरून ठरते. मार्केट यार्डात दुसरं काय चालतं? गुऱ्हाळवाला सांगतो, जळण महागलं, मजुरी वाढली. सौद्यात व्यापारी गुळाच्या रव्याचा (ढेपेचा) रंग बघतो, खडा जिभेवर ठेवतो आणि भाव बोलतो. जळणाचं कोण विचारतंय?

त्याच्या मागून आलेला बोम-बावेर्क (हा पुढं तीनदा अर्थमंत्री झाला) पाच पोती धान्याचा शेतकरी घेतो. पहिलं पोतं जगायला, दुसरं अंगात ताकद यायला, तिसरं कोंबड्यांना, चौथं दारू गाळायला, पाचवं हौसेच्या पोपटांना. कुठलंही पोतं गेलं तरी उपाशी राहणार पोपटच; म्हणून एका पोत्याचं मोल तेवढंच. हे घरी सांगितलं तर मंडळी म्हणाल्या, "अहो, मग हे पुस्तक पोपटांचंच पोतं की!"

'ऑस्ट्रियन' हे नाव जर्मन प्राध्यापकांनी हिणवायला वापरलेलं. त्यांचा म्होरक्या श्मोलर आधी इतिहास आणि आकडे गोळा करा म्हणायचा, मेंगर आधी सिद्धांत. १८८४ मध्ये मेंगरनं टीकेचं पुस्तक धाडलं, श्मोलरनं ते परत पाठवलं आणि तसं आपल्या नियतकालिकात छापलंही. त्याला बरी परतीची सोय होती!

पुढं याच पंथाचा लुडविग फॉन मिझेस : १९२० मध्ये त्यानं विचारलं, यंत्रं-कारखान्यांचा बाजारच नसेल तर समाजवादी सरकार हिशेब कशावर करणार? मग त्याच वाटेचा हायेक. १९७४ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला स्वीडनच्या मिर्डालबरोबर विभागून मिळालं, एवढं कळलं. त्यापुढचं सुटं पान दुकानातल्या पोऱ्यानं गूळ बांधायला घेतलं.

शेवटी एकशेवीस देऊन शिवून घेतलं. कापडी पुठ्ठा, पक्कं काम. हे आधीच करायला हवं होतं. परवा मुलाचा मित्र तीनशेला मागत होता. मी सातशे सत्तर सांगितले, खर्चाचा हिशेबही मांडला. पोरगं म्हणालं, "काका, तुमचा खर्च मला कशाला सांगताय?"

अजून दिलं नाही.