काळ्या मातीत कोईचं तळं: कागद की सिमेंट, ड्रम की कर्दळ?

दुकानात जाण्याआधी परसात कंबरभर खड्डा घ्या आणि खाली काय लागतं ते पाहा. भंडारा-गोंदियाकडे बऱ्याच ठिकाणी लवकर मुरूम लागेल. वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोल्याकडे बहुतेकदा काळीच, आणि ती किती खोल जाते ते खणल्याशिवाय कळत नाही. पहिल्या कोई तळ्याचा अर्धा निर्णय त्या खड्ड्यातच होतो.

तुलनेसाठी एकच माप धरू: १२ फूट लांब, ८ फूट रुंद, ४ फूट खोल. भिंती उभ्या धरल्या तर सुमारे १०,९०० लिटर पाणी. याहून उथळ करू नका. कोई हा कार्पच्या कुळातला, जपानच्या नीगाता भागात रंगारूपाला आलेला मासा. १५ ते २५ अंशांच्या पाण्यात तो खुश असतो. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते. दोन फुटांचं तळं दुपारपर्यंत तापून निघतं. चार फुटांच्या तळाशी माशाला दडायला थोडी तरी गार जागा मिळते. वर ग्रीन नेट हवीच, तळं कशाचंही असो.

कागद की सिमेंट

गवंडी म्हणेल, पक्कं बांधा, कटकट नाही. मुरमाच्या जमिनीवर त्याचं म्हणणं बरोबर आहे. उभ्या भिंतीच्या हौदात बगळ्याला पाय टेकवून उभं राहता येत नाही, घूस कुरतडत नाही, म्हैस चुकून काठावर आली तरी काही फाटत नाही. घासून धुवायलाही सोपं.

काळ्या मातीत मात्र हाच हौद दोन उन्हाळ्यांत बोलू लागतो. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते. एप्रिलमध्ये काठाशी वाकून पाहिलं तर भिंत आणि माती यांच्यामध्ये बोटं जातील एवढी फट दिसते. मृगाच्या पावसात तीच माती फुगून भिंतीला आत रेटते. साध्या विटांच्या बांधकामाला मग कोपऱ्यातून तडा जातो. सळई घालून, खाली-बाजूला मुरमाचा थर देऊन आरसीसी केलं तर टिकतं, पण खर्च बराच वाढतो.

सिमेंटची दुसरी गोष्ट लोक विसरतात. नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) नऊच्या वर नेतो. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून पाण्यात अमोनिया येतच असतो. ३० अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर त्यातला एक टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच ९ झाला की जवळपास निम्मा विषारी होतो. म्हणजे आपला उन्हाळा आणि नवा हौद मिळून तेवढ्याच अमोनियाचं विष कितीतरी पटींनी वाढवतात. हौद भरून, आठवडाभर ठेवून, उपसून टाकायचा, असं तीन-चारदा करावं लागतं. पीएचची पट्टी आठच्या आसपास आली की मगच मासे.

कागद म्हणजे शेततळ्याला अंथरतात तोच प्लास्टिकचा, ५०० मायक्रॉन जाडीचा. आपल्या मापासाठी दोन्ही बाजूंची खोली आणि काठावर दाबायला दीड-दीड फूट धरून २३ बाय १९ फुटांचा तुकडा लागेल. शेततळी करणारे लोक तालुक्याच्या गावी सापडतातच. त्यांच्याकडे राहिलेला तुकडा पुष्कळदा स्वस्तात मिळतो आणि जोड मारायचं मशीनही त्यांच्याकडेच असतं. माती हलली तरी कागद थोडाफार तिच्याबरोबर हलतो. म्हणून काळ्या जमिनीवर पहिलं तळं असेल तर माझं मत कागदालाच.

त्याची दुखणी वेगळी. काळ्या मातीत उभी बाजू ढासळते, म्हणून उतार द्यावा लागतो आणि पाणी थोडं कमी मावतं. उतारावर बगळा आरामात उभा राहतो, तेव्हा जाळी आवश्यक. घुशीचं बीळ, बाभळीचा काटा, टोकदार गिट्टी यांच्यासाठी खाली रेतीचा थर आणि त्यावर सिमेंटची रिकामी पोती झटकून अंथरावी. उघडा काठ उन्हानं कडक होऊन तडकतो, तो फरशीखाली झाकावा. शिवाय काठ जमिनीपेक्षा निदान नऊ इंच वर हवा. जवळ कपाशीचं शेत असेल तर हे फारच महत्त्वाचं: फवारणीतली पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना अत्यंत घातक असतात, आणि पावसाचं वाहतं पाणी ती थेट आत आणतं.

जाळी-ताडपत्रीची गोल टाकी हा तिसरा पर्याय. जमिनीच्या वर असल्यानं ती चहूबाजूंनी तापते. आपल्या उन्हाळ्यात कोईसाठी नको.

तळं गळतंय का, ही शंका दोन्हीत येते. मे महिन्यात रोज सेंटिमीटरभर पाणी उन्हानंच उडतं. आपल्या तळ्यात ते ऐंशी-नव्वद लिटर होतं. पाण्यानं भरलेली बादली तळ्यातच विटांवर ठेवा, बादलीत आणि तळ्यात खूण करा. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे सारखंच उतरलं असेल तर ते ऊन. तळ्यात जास्त उतरलं तर गळती.

फिल्टर: खरा प्रश्न विजेचा

फिल्टरचं मुख्य काम जिवाणू करतात. ते अमोनियाचं नायट्राइट आणि पुढं नायट्रेट करतात, आणि त्यांना सतत वाहतं, प्राणवायू असलेलं पाणी लागतं. दर दोन तासांनी तळ्याचं पाणी एकदा फिरायला हवं, म्हणजे ताशी साडेपाच हजार लिटरच्या आसपासचा पंप. ८० वॅटचा पंप चोवीस तास चालला तर रोज दोन युनिटांच्या जवळ, महिन्याला साठेक. बिल परवडतं. पण वीज चोवीस तास असते कुठं?

बाजारातला बंद डब्याचा प्रेशर फिल्टर, यूव्ही दिव्यासकट, दिसायला सुबक आणि जागा कमी खातो. यूव्हीनं हिरवं पाणी निवळतं हेही खरं. पण वीज गेली की आतलं पाणी थांबतं, जिवाणू उरलेला प्राणवायू संपवतात आणि मरू लागतात. वादळात तार तुटून रात्रभर अंधार राहिला, तर सकाळी पंप सुरू होताच सडक्या अंड्याचा वास येणारं काळं पाणी तळ्यात पडतं. शहरातल्या बंगल्याला हा ठीक, गावाला नाही.

ड्रमचा फिल्टर म्हणजे दोनशे लिटरचे दोन-तीन निळे ड्रम. पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात जिवाणूंसाठी जागा: बाटल्यांची झाकणं, वायरिंगच्या वळीदार पाइपचे तुकडे, भांडी घासायच्या प्लास्टिक चोथ्या. उघडा असल्यानं काय चाललंय ते दिसतं, दुरुस्ती घरीच होते. तो धुताना तळ्याचंच पाणी वापरा. ब्लीचिंग टाकलेल्या नळाच्या पाण्यानं जिवाणू मरतात. भंगारातून ड्रम आणाल तर आधी त्यात काय होतं ते विचारा. कीटकनाशकाचा असेल तर कितीही धुतला तरी नको.

कर्दळीचा वाफा हा मला सगळ्यात आवडणारा प्रकार. तळ्याच्या पाव ते तृतीयांश क्षेत्राचा वेगळा उथळ वाफा, त्यात गिट्टी, तिच्यात कर्दळ किंवा वाळा. पाणी खालून वर येऊन तळ्यात परत सांडतं. मुळं नायट्रेटही खातात, जे ड्रमला जमत नाही. वेगळा वाफा अशासाठी की तळ्यात लावलेली झाडं कोई उपटून खातात. जागा लागते, पण गावात जागेचं काय रडायचं! फक्त गिट्टीत गाळ साचतो, म्हणून आधी एक गाळाचा ड्रम ठेवाच आणि वाफ्याच्या तळाला उपसायचा पाइप काढा. गाळाचं पाणी वांग्याला, धोप्याला म्हणजे अळूला द्या.

तेव्हा एक ड्रम आणि पुढं कर्दळ ही जोडी. यातही वीज गेली की जिवाणू अडचणीत येतात, पण उघड्या वाफ्याला बंद डब्यापेक्षा जास्त वेळ मिळतो. पंपाआधी इन्व्हर्टरवर घ्या तो छोटा एअर पंप. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३५ अंशांना ७ च. रात्री शेवाळही प्राणवायू घेतं, म्हणून मासे वर येऊन तोंड मारताना दिसतात ते पहाटे. वीसेक वॅटचा एअर पंप घरच्या बॅटरीवर रात्र काढतो.

खारपाणपट्ट्यातल्यांनी, म्हणजे अकोला-अमरावतीकडे जमिनीखालचं पाणीच खारं असलेल्या भागातल्यांनी, बोअरच्या पाण्यावर विसंबू नये. पाणी उडतं, क्षार मागं राहतात, आणि वरून टाकलेलं प्रत्येक पाणी क्षार वाढवतं. छपराचं पावसाचं पाणी साठवता येत असेल तरच इथं कोईचा विचार करा.

खोदकाम दिवाळीनंतर काढा, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत फिल्टर तयार होतो. जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतातच. तोवर तीन-चार पिलंच सोडा आणि खाणं हात राखून द्या. पुढंही मोठ्या माशाला हजार लिटर धरलं तर या तळ्यात दहाच्या वर कोई नकोत, विकणारा कितीही म्हणो.